बिल्टी हरवली तर माल कसा सोडवायचा आणि नुकसान कोण भरणार

रबाळे-महापेच्या एमआयडीसीत किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये गाळा घेऊन काम सुरू करणारा माणूस मशीन, वीज, कामगार, जीएसटी या सगळ्याची चौकशी आधीच करतो. वाहतुकीची चौकशी फार थोडे जण करतात. टेम्पो बोलावतात, माल भरतात, ट्रान्सपोर्टवाल्याने दिलेली बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची पावती, कुठल्या तरी फाइलमध्ये टाकतात आणि विसरून जातात. मग ती बिल्टी हरवते, किंवा दहा नगांऐवजी आठच पोचतात, आणि धावपळ सुरू होते.

अशा वेळी दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात आणि गोंधळ वाढतो. कागद नाही तर माल ताब्यात कसा घ्यायचा, हा पहिला. माल हरवला किंवा फुटला तर पैसे कोण देणार, हा दुसरा. पहिला प्रश्न बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत सुटतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र माल गाडीत चढण्याआधी तुम्ही काय लिहून दिलं त्यावर ठरतं. म्हणून सुरुवात बुकिंगपासूनच करू.

बुकिंग करताना

रस्त्याने जाणाऱ्या मालाला कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, २००७ लागू आहे. हा कायदा १ मार्च २०११ पासून अमलात आला आणि १८६५ चा जुना कॅरियर्स अ‍ॅक्ट गेला. त्यातल्या कॉमन कॅरियरच्या व्याख्येत गाडीमालकाबरोबर बुकिंग कंपनी, एजंट, ब्रोकर आणि दारापर्यंत सेवा देणारी कुरिअर कंपनीसुद्धा येते. ‘आम्ही फक्त गाडी लावून दिली, आमचा काय संबंध’ हे उत्तर तुर्भे-कळंबोलीत हमखास ऐकायला मिळतं. ज्याने स्वतःच्या नावाची बिल्टी फाडली, त्याला ते देऊन सुटता येत नाही. कॉमन कॅरियरला नोंदणी सक्तीची आहे. पहिल्यांदा काम देताना नोंदणी क्रमांक मागून घ्या. खरा धंदा करणारा माणूस त्याचा राग मानत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा कागद. कलम ८ नुसार माल पाठवणाऱ्याने ट्रान्सपोर्टरला गुड्स फॉरवर्डिंग नोट भरून द्यायची असते. मालाचं वर्णन, वजन, नग, कुणाला पाठवायचा, माल धोकादायक आहे का, आणि मालाची किंमत, एवढं त्यात येतं. प्रत्यक्षात हा कागद कुणी भरतच नाही. ट्रान्सपोर्टचा मुलगा इन्व्हॉइस बघून थेट बिल्टी बनवतो आणि किमतीचा रकाना कोरा सोडतो.

तो रकाना भराच, पण नुसता तो भरूनही सगळे पैसे मिळत नाहीत. ते आकड्यांत बघा. कायद्याने आणि २०११ च्या नियमांनी ट्रान्सपोर्टरची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंत मर्यादित केली आहे, आणि तीही तुम्ही जाहीर केलेल्या किमतीच्या आत. समजा महाप्याहून कोल्हापूरला मशीनचे सुटे भाग पाठवले. माल ६ लाखांचा, भाडं ३,८०० रुपये. सगळा माल गेला तरी ट्रान्सपोर्टर ३८,००० रुपयांपर्यंतच बांधील. उरलेले ५ लाख ६२ हजार तुमचे.

यातून वाट दोन प्रकारे निघते. कलम ११ खाली ट्रान्सपोर्टरशी जास्त जोखमीचा दर ठरवता येतो; थोडं जास्त भाडं द्यायचं आणि त्याने जास्त रकमेची जबाबदारी घ्यायची. हे ठरलं तर बिल्टीवर लिहिलेलं असायलाच हवं, फोनवरच्या बोलण्याला अर्थ नाही. दुसरी वाट विम्याची. रस्त्याने जाणाऱ्या मालाच्या विम्यालाही विमा कंपन्या मरीन पॉलिसीच म्हणतात, त्यामुळे ‘आमचा माल कुठे समुद्रातून जातो’ म्हणून तो टाळू नका. महिन्याला बऱ्याच खेपा जात असतील तर प्रत्येक खेपेची वेगळी पॉलिसी घेण्यापेक्षा वर्षाची ओपन पॉलिसी सोयीची. माझं मत विचाराल तर महागड्या मालाला विमा घ्याच. ट्रान्सपोर्टरकडून दहा पट भाडं वसूल करायचं म्हटलं तरी कोर्टाची पायरी चढावी लागू शकते.

बिल्टी हातात आली की गाडी सुटायच्या आधी वाचा. कायद्यात तिला गुड्स रिसीट म्हटलं आहे. ती तीन प्रतींत बनते आणि मूळ प्रत पाठवणाऱ्याला मिळायला हवी. तिच्यावर लिहिलेले नग आणि वजन कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. म्हणून नग मोजून लिहिलेत का, गाडी क्रमांक बरोबर आहे का, भाडं ‘पेड’ (आधीच भरलेलं) आहे की ‘टू-पे’ (माल घेणाऱ्याने द्यायचं), माल घेणाऱ्याचं नाव आणि जीएसटी क्रमांक नीट आहे का, हे बघा. वजनावर विकला जाणारा माल असेल तर काट्याची पावती जोडून ठेवा. आणि तिथेच उभं राहून बिल्टीच्या पुढच्या-मागच्या दोन्ही बाजूंचा मोबाइलवर फोटो काढा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात अटी असतात. भांडण झालं की त्याच अटी तुमच्यासमोर येतात.

‘ओनर्स रिस्क’, म्हणजे जोखीम मालाच्या मालकाची, हा शिक्का तर बहुतेक बिल्ट्यांवर असतो. त्याला घाबरून हक्क सोडू नका. नाथ ब्रदर्स एक्झिम विरुद्ध बेस्ट रोडवेज या खटल्यात २००० साली, जुन्या कायद्याखाली, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असा शिक्का मारला म्हणून वाहतूकदार स्वतःच्या हलगर्जीपणाच्या जबाबदारीतून सुटत नाही. नव्या कायद्याच्या कलम १२ नुसारही हलगर्जीपणा झाला हे दावा करणाऱ्याने सिद्ध करायची गरज नाही. माल दिला होता आणि तो पोचला नाही किंवा खराब पोचला, एवढं दाखवलं की पुढचं उत्तर ट्रान्सपोर्टरने द्यायचं.

बिल्टी हरवली तर

आधी बिल्टीवर माल घेणारा म्हणून कुणाचं नाव आहे ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावर चालतं.

थेट गिऱ्हाइकाचं नाव आहे आणि डिलिव्हरी दारात आहे, तर घाबरण्यासारखं फारसं काही नाही. बुकिंग ऑफिसला लगेच फोन आणि त्यापाठोपाठ ई-मेल करा: एलआर (बिल्टीचा) क्रमांक, तारीख, नग, गाडी क्रमांक, आणि मूळ प्रत हरवली आहे एवढं लिहा. त्यांच्याकडे ऑफिस कॉपी असते. तिची सही-शिक्क्याची प्रत आणि गिऱ्हाइकाचं लेटरहेडवरचं पत्र यावर बहुतेक ठिकाणी माल मिळतो.

नावाच्या जागी ‘सेल्फ’ लिहिलं असेल, किंवा बिल्टी बँकेमार्फत गेली असेल, तर प्रकरण वेगळं. इथे ज्याच्या हातात मूळ बिल्टी, त्याला माल. ती कुणाला सापडली तर तो गोडाऊनमधून माल उचलू शकतो. म्हणून पहिल्याच तासात उतरवायच्या शाखेला आणि मुख्य कार्यालयाला, दोन्हीकडे लेखी कळवा: मूळ बिल्टी हरवली आहे, आमच्या लेखी परवानगीशिवाय कुणालाही माल देऊ नका. ई-मेलची वेळ नोंदली जाते; या सूचनेनंतर चुकीच्या माणसाला माल दिला तर ट्रान्सपोर्टरला सांगायला जागा राहत नाही. त्यानंतर जवळच्या पोलीस ठाण्यात कागद हरवल्याची नोंद करा आणि तिची प्रत घ्या. बँक मध्ये असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र लागेल. शेवटी ट्रान्सपोर्टर इन्डेम्निटी बाँड मागेल: मूळ बिल्टी घेऊन उद्या दुसरा कुणी आला आणि त्यावरून आमचं नुकसान झालं तर ते आम्ही भरून देऊ, असं हमीपत्र. महाराष्ट्रात सध्या ते सर्रास ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर, नोटरी करून देतात. सही करण्याआधी बघा की बाँड त्याच एका एलआरपुरता आणि ठरावीक रकमेपुरता आहे. ‘सर्व प्रकारच्या दाव्यांतून मुक्त’ असं वाक्य घुसवलं असेल तर खोडायला लावा, नाहीतर माल फुटलेला निघाला तरी तुम्हीच हात बांधून घेतलेले असतील.

यात वेळ गेला तर आणखी एक घड्याळ चालू असतं. ट्रान्सपोर्टरने नोटीस देऊनही ३० दिवसांत माल उचलला नाही तर तो बेवारस समजून विकायचा मार्ग त्याला कायद्याने मोकळा होतो, आणि नाशवंत मालाला तर त्याहून फार कमी वेळ मिळतो. गोडाऊनचं भाडंही चढत राहतं. म्हणून कागद जमवतानाच ‘माल आमचा आहे, आम्ही घेणार आहोत’ हे लेखी देऊन ठेवा.

ई-वे बिल आणि इन्व्हॉइस गाडीत नसेल तर

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वरच्या मालाला ई-वे बिल (जीएसटीच्या पोर्टलवर बनवायचा माल नेण्याचा कागद) लागतं, राज्याबाहेर ५० हजारांच्या वर. दर २०० किलोमीटरला एक दिवस मुदत, आणि पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. वाटेत गाडी बंद पडली तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तासांनंतरपर्यंत ती वाढवता येते. गाडी बदलली तर ई-वे बिलाच्या भाग ब मध्ये नवा गाडी क्रमांक टाकलाच पाहिजे. भिवंडीला माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढतो तेव्हा हे हमखास राहून जातं.

ई-वे बिलाचा कागद हरवणं आणि ई-वे बिल बनवलेलंच नसणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ड्रायव्हरकडे नुसता क्रमांक असला तरी चालतो, छापील प्रत हवीच असं नाही. म्हणून कागद हरवला म्हणून ड्रायव्हर घाबरला तर त्याला इन्व्हॉइस आणि ई-वे बिलाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि अधिकाऱ्याला क्रमांक सांगायला सांगा. पत्त्यातला पिनकोड, गाडी क्रमांकातला एखादा आकडा अशा किरकोळ चुकांसाठी सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार केंद्राचे ५०० आणि राज्याचे ५००, म्हणजे १,००० रुपयांचा दंड आहे. ते परिपत्रक ६४/३८/२०१८ मोबाइलमध्ये ठेवा.

ई-वे बिलच नसेल तर मात्र जीएसटी कायद्याचं कलम १२९ लागतं आणि गाडीसकट माल अडकतो. मालक पुढे आला तर कराच्या दुप्पट दंड. ४ लाखांचा माल, १८ टक्के दराने कर ७२ हजार, म्हणजे दंड १ लाख ४४ हजार. मालक पुढे आला नाही तर मालाच्या किमतीच्या निम्मे किंवा कराच्या दुप्पट, यातलं जास्त ते. इथे २ लाख. गाडीत इन्व्हॉइस असेल तर पाठवणारा किंवा घेणारा यांपैकी एकाला मालक धरावं, असं डिसेंबर २०१८ च्या परिपत्रकात आहे. इन्व्हॉइसच नसेल तर मालक कोण हे अधिकारी ठरवतो. एक साधा कागद गाडीत नसल्यामुळे आकडा असा वर जातो.

अधिकाऱ्याने माल अडवल्यापासून सात दिवसांत नोटीस द्यायची असते आणि नोटीस दिल्यापासून सात दिवसांत आदेश. उत्तर लेखीच द्या. आणि हे लक्षात असू द्या की सरकारी आदेशाने किंवा कायदेशीर जप्तीने झालेल्या नुकसानीसाठी ट्रान्सपोर्टर सहसा जबाबदार नसतो. तुम्ही दिलेल्या कागदांत खोट निघून माल अडकला आणि खराब झाला, तर भरपाई कुणाकडे मागणार?

माल उतरवताना

इथे पाच मिनिटांचं काम आहे, पण मी नव्या लोकांना सगळ्यात जास्त हेच सांगत असतो. ड्रायव्हर पीओडी (माल पोचल्याची पावती) पुढे करतो आणि घाई लावतो, मागे दुसरी गाडी हॉर्न वाजवत असते, गेटवरचा माणूस सही-शिक्का मारून देतो. ‘माल सुस्थितीत मिळाला’ हे वाक्य पीओडीवर आधीच छापलेलं असतं. त्या सहीने तुमचा अर्धा दावा तिथेच संपतो.

सही करण्याआधी नग मोजा आणि खोके फिरवून बघा. काही कमी-जास्त असेल तर सहीच्या वरच, पेनने, स्पष्ट लिहा: ‘१० पैकी ८ नग मिळाले. खोका क्र. ४ ओला, खोका क्र. ७ ची पट्टी तुटलेली, आतला माल तपासणीअधीन.’ खाली तारीख, वेळ, गाडी क्रमांक आणि ड्रायव्हरची सही. ड्रायव्हर सही द्यायला तयार नसेल तर ‘ड्रायव्हरने सही नाकारली’ असंच लिहा आणि फोटो काढा, गाडीच्या नंबर प्लेटसकट. उघडून बघायला वेळ नसेल तर निदान ‘खोके न उघडता स्वीकारले’ एवढं तरी लिहा. गेटवरच्या माणसाला हे आधी शिकवून ठेवा. मालक नेमका त्या वेळी बँकेत असतो.

१८० दिवसांची नोटीस

कलम १६ प्रमाणे नुकसानीची लेखी नोटीस दिल्याशिवाय ट्रान्सपोर्टरवर दावा करता येत नाही, आणि ती बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते. माल पोचल्याच्या तारखेपासून नाही, नुकसान कळल्याच्या तारखेपासूनही नाही. ‘शोध चालू आहे, पुढच्या आठवड्यात सांगतो’ या गोड बोलण्यात सहा महिने सहज निघून जातात. बोलणी चालू ठेवा, पण नोटीस आधी पाठवा.

ती वकिलाकडूनच हवी असं नाही. लेटरहेडवर एवढं पुरतं:

‘आपल्या तुर्भे शाखेत दि. … रोजी एलआर क्र. … अन्वये बुक केलेल्या … नगांपैकी … नग आजपर्यंत मिळालेले नाहीत / नादुरुस्त अवस्थेत मिळाले. इन्व्हॉइस क्र. … नुसार नुकसानीची रक्कम रु. … आहे. कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, २००७ च्या कलम १६ अन्वये ही नोटीस देत आहोत. १५ दिवसांत भरपाई न मिळाल्यास कायदेशीर कारवाई करण्यात येईल.’

बुकिंग शाखा आणि मुख्य कार्यालय दोन्हीकडे पोच मिळेल अशा टपालाने पाठवा, ई-मेलही करा. विमा असेल तर त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा आणि नोटिशीची प्रत द्या. विमा कंपनी तुम्हाला पैसे देऊन नंतर ट्रान्सपोर्टरकडून वसूल करते. नोटीस वेळेत गेली नसेल तर तिचा तो रस्ता बंद होतो आणि मग ती तुमच्या दाव्यात खोडा काढते.

ट्रान्सपोर्टरकडून उत्तर येईल ते बहुधा दैवी आपत्ती, दंगल किंवा सरकारी आदेश यांवर बोट ठेवणारं. या सवलती कलम १७ मध्ये खरंच आहेत. पण योग्य काळजी घेतली असती तर नुकसान टळलं असतं, असं दिसलं तर त्या सवलतीचा उपयोग होत नाही. जुलैत ताडपत्रीशिवाय गाडी पाठवली आणि माल भिजला, तर ती दैवी आपत्ती म्हणता येणार नाही. उशिरामुळे नुकसान झालं असेल तर मात्र फॉरवर्डिंग नोटमध्ये ठरवलेल्या मुदतीपर्यंतच्या उशिराची भरपाई भाड्याच्या रकमेपुरतीच मिळते आणि त्यापुढच्या उशिराला नेहमीची मर्यादा लागते, तेव्हा वेळ महत्त्वाची असेल तर ती मुदत फॉरवर्डिंग नोटमध्ये लिहून घ्या. ट्रान्सपोर्टरने किंवा त्याच्या माणसांनी मालच लांबवला असेल तर तो गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये वाहतूकदाराने केलेल्या विश्वासघाताला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिथे थेट पोलीस ठाण्यात तक्रार द्या.

न्हावा-शेव्यात बिल ऑफ लेडिंग अडकलं तर

आयात करणाऱ्यांसाठी थोडक्यात. मूळ बिल ऑफ लेडिंग (जहाजाने येणाऱ्या मालाची बिल्टी) दिल्याशिवाय शिपिंग लाइन डिलिव्हरी ऑर्डर (डीओ) देत नाही, आणि डीओशिवाय कंटेनर सीएफएसमधून, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर गोदामातून, हलत नाही. पण बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सकडे करायची आयातीची नोंद, मूळ बिल ऑफ लेडिंगसाठी अडत नाही; ती ऑनलाइन भरली जाते. उशीर केला तर पहिले तीन दिवस रोज ५ हजार आणि पुढे रोज १० हजार रुपये लागतात. म्हणून कागदाची वाट न बघता सीएचएला (कस्टम्सच्या एजंटला) ती भरायला सांगा.

कागद नुसते उशिरा येणार असतील तर तुमच्या बँकेकडून शिपिंग गॅरंटी (मूळ कागद नंतर देण्याची शिपिंग लाइनला हमी) घेऊन डीओ मिळतो. खरंच हरवले असतील तर लाइन पोलिसांतली नोंद, इन्डेम्निटी आणि मालाच्या किमतीइतकी किंवा त्याहून जास्त बँक गॅरंटी मागते, आणि ती बराच काळ अडकून राहते. हे कडक वाटलं तरी त्यामागे कारण आहे: मूळ कागदाशिवाय चुकीच्या हातात माल गेला तर लाइनला पूर्ण किंमत मोजावी लागते. नेहमीच्या, विश्वासाच्या पुरवठादाराकडून माल येत असेल आणि पैशांचा व्यवहार आधीच झालेला असेल, तर पुढच्या वेळी त्याला सी-वे बिल किंवा टेलेक्स रिलीज मागा. मूळ कागदाचा प्रश्नच उरत नाही.

समुद्रमार्गे आलेल्या मालाचं नुकसान वरून दिसत नसेल तर तीन दिवसांत लेखी कळवायचं असतं, आणि दावा एका वर्षात. बिल ऑफ लेडिंग आणि समुद्री मालवाहतुकीच्या १८५६ आणि १९२५ च्या जुन्या कायद्यांच्या जागी संसदेने २०२५ मध्ये नवे कायदे केले, तरी हा एक वर्षाचा हिशेब डोक्यात पक्का ठेवा. रस्त्याच्या दाव्याला मिळणारी तीन वर्षं इथे मिळत नाहीत.

दावा कुठे करायचा

बिल्टीवर ‘दिल्ली न्यायकक्षेत’ असं छापलेलं असतं. माल जिथे बुक झाला किंवा जिथे उतरायचा होता, अशा ठिकाणांपैकी एखादं कोर्ट आधीच ठरवून घेणं चालतं. ज्या गावाचा व्यवहाराशी काहीच संबंध नाही, तिथल्या कोर्टाला मात्र अशा छापील ओळीने अधिकार मिळत नाही. नवी मुंबईत हेही बघा की रबाळे, महापे, तुर्भे, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. तळोजा, कळंबोली, पनवेल, उरण रायगड जिल्ह्यात.

रक्कम ३ लाख किंवा जास्त असेल तर तो व्यावसायिक वाद ठरतो, आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत होते आणि बरेच ट्रान्सपोर्टर तिथे तडजोडीला येतात. धंद्याच्या मालासाठी ग्राहक आयोगाकडे जाण्यात सहसा अर्थ नाही, कारण व्यावसायिक कारणासाठी घेतलेली सेवा त्यात बसत नाही. घरसामान हलवताना पॅकर्स-मूव्हर्सने टीव्ही फोडला तर मात्र तिथे जरूर जा.

वकिलाकडे जाताना बिल्टीच्या दोन्ही बाजू, फॉरवर्डिंग नोट, इन्व्हॉइस, ई-वे बिल, शेरा मारलेली पीओडी, फोटो, नोटीस आणि तिची पोच हे सगळं तारखेच्या क्रमाने लावून न्या. बिल्टी हरवलेली असेल तर तिच्या जागी ट्रान्सपोर्टरला पाठवलेला तो पहिला ई-मेल ठेवा.